गुणसूत्रे मोजावीत की पठारे तुडवावीत?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मी २३ वर्षांची आहे. यंदा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले. आमचे घर वाळवा तालुक्यातले, शेती उसाची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सहलीत एका कड्याच्या गवतात कंदीलपुष्प पाहिले आणि तेव्हापासून दुर्मीळ वनस्पतींवर काम करायचे मनात आहे. आता माझ्यापुढे दोन वाटा आहेत. पुण्यातल्या एका संस्थेत हरभऱ्याच्या जनुकांवर चाललेल्या प्रकल्पात जागा मिळते आहे, तिथेच पुढे पीएच.डी.ही होईल. दुसरीकडे माझ्या जुन्या सरांकडे कंदीलपुष्पांच्या पाहणीचा छोटा प्रकल्प आहे, पण त्याला पैसे एकाच वर्षाचे आहेत. मैत्रिणी म्हणतात, जनेटिक्स घे, संवर्धन हा छंद झाला. सर म्हणतात, प्रयोगशाळेत शिरलीस की डोंगर सुटला. वडील म्हणतात, रानगवत मोजून कुणाचे पोट भरले आहे का, एमपीएससीचा अभ्यास कर. मी काय करावे?

उत्तर :

तुमच्या मैत्रिणी आणि तुमचे सर परस्परविरुद्ध सल्ला देत असले, तरी दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की जनुकशास्त्राची वाट प्रयोगशाळेत जाते, संवर्धनाची डोंगरात, आणि या दोन वाटा पुढे कुठेही एकमेकींना मिळत नाहीत. तीस वर्षे पेशीविज्ञान शिकवल्यावर आणि त्यांतले बरेचसे पावसाळे सह्याद्रीत काढल्यावर मला हे गृहीतक चुकीचे वाटते, आणि तुमचा निर्णय त्याच्यावर उभा राहू नये असे मनापासून वाटते. वडिलांचा प्रश्न वेगळा आहे. तिघांच्या बोलण्यात तोच सर्वांत खरा आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आधी एका आयुष्याविषयी सांगते. जानकी अम्माळ यांचा जन्म १८९७ साली केरळातल्या तेल्लिचेरीचा. मद्रासला शिक्षण, मग अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९३१ साली डॉक्टरेट, परतल्यावर काही काळ त्रिवेंद्रमला अध्यापन आणि १९३४ पासून कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात ऊस व त्याचे रानटी भाऊबंद यांच्या गुणसूत्रांवर काम, असा त्यांचा पहिला टप्पा. महायुद्धाच्या काळात त्या इंग्लंडमध्ये होत्या आणि तिथे गुणसूत्रांचे अभ्यासक सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा जो संग्रहग्रंथ सिद्ध केला, तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे इंग्लंडमधल्याच विस्ली येथील उद्यानात त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसिन या रसायनाचा प्रयोग करून गुणसूत्रांची संख्या दुप्पट केली. (हे कोल्चिसिन आपल्या कळलावीच्या कंदातही असते, पावसाळ्यात कुंपणावर ती फुललेली दिसली की मला विस्लीची आठवण होते.) इथवरचे चरित्र वाचणाऱ्याला वाटेल की ही बाई सूक्ष्मदर्शकापासून कधी हलली नसेल. परंतु १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या भारतात परतल्या, त्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची नव्याने घडी बसवण्यासाठी. आणि वय ऐंशीच्या घरात असताना, केरळच्या सायलेंट व्हॅलीत धरण येणार म्हणून देशभर वाद पेटला, तेव्हा त्या विरोध नोंदवून थांबल्या नाहीत. पाण्याखाली जाऊ घातलेल्या त्या जंगलातल्या झाडांच्या गुणसूत्रांची पाहणी त्यांनी हाती घेतली. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्या वारल्या आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली.

कोइमतूरला उसासाठी जी विद्या त्यांनी वापरली, तीच त्यांनी सायलेंट व्हॅलीत वापरली. झाड बदलले, प्रश्न बदलला, हत्यार तेच राहिले. तुमच्या सरांना जी भीती वाटते ती निराधार नाही, कारण प्रयोगशाळेत गेलेली पुष्कळ मुले खरोखरच डोंगरावर परत येत नाहीत. पण त्याचे कारण जनुकशास्त्रात शोधण्यापेक्षा, ती मुले कोणता प्रश्न मनात घेऊन आत गेली होती, यात शोधावे असे मला वाटते.

आता वडिलांकडे वळू. त्यांनी रानगवताचे नाव काढले आहे, तर त्यांना त्यांच्याच शेतातली गोष्ट सांगा. आपल्याकडे ओढ्याकाठी, नदीच्या गाळात पांढऱ्या तुऱ्यांचे जे कास गवत माजते, ते उसाचे रानटी भाऊबंद आहे. जाड, गोड, पण नाजूक अशा उसाशी या गवताचा संकर कोइमतूरला झाला आणि त्यातून को २०५ हा वाण १९१८ मध्ये उत्तर भारतासाठी बाहेर पडला. गोडी उसाची, काटकपणा गवताचा. तेव्हापासून कोइमतूरहून निघालेल्या वाणांत या गवताचा अंश पुढे चालत आला आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९९६ मध्ये ‘नीरा’ या नावाने शिफारस केलेला को ८६०३२ तुमच्या वडिलांनी नक्कीच लावला असेल. त्याच्या प्रत्येक पेशीतल्या शंभराहून अधिक गुणसूत्रांत काही गुणसूत्रे त्या ओढ्याकाठच्या गवताकडून आलेली आहेत. रानगवत कुणीतरी मोजले, म्हणून साखर कारखान्यांची धुराडी पेटली. हे वडिलांना आदराने सांगा, वाद जिंकण्यासाठी सांगू नका.

मात्र या गोष्टीच्या जोरावर त्यांना खोटे आश्वासनही देऊ नका. प्रत्येक दुर्मीळ झाडात एखादा ‘८६०३२’ लपलेला नसतो. कंदीलपुष्पाचा कंद गुराखी उकरून खातात, त्यापलीकडे बाजारात त्याला किंमत नाही, आणि ती यावी अशी इच्छाही आपण धरू नये, कारण किंमत आली की कंद उरणार नाहीत. काही झाडे आपल्या उपयोगाची नसतानाही टिकली पाहिजेत असे मला वाटते आणि मी ते उघडपणे म्हणते. पण ते माझे मत झाले, आणि वडिलांनी विचारले आहे ते तुमच्या पोटापाण्याविषयी. त्याकडे पुढे येते.

त्याआधी, दुर्मीळ झाडाला जनुकशास्त्र नेमके कशासाठी लागते, ते तुम्हाला नीट कळले पाहिजे, कारण मुलाखतीत तुम्हाला हेच विचारले जाईल आणि ‘जैवविविधता वाचवण्यासाठी’ हे त्याचे उत्तर होत नाही.

तुम्ही पाहिलेल्या फुलापासूनच सुरुवात करू. कंदीलपुष्पाची नळी उभी चिरून भिंगाखाली धरली, तर आतल्या भिंतीवर खाली झुकलेले केस दिसतात. वासाने ओढली गेलेली चिलटाएवढी माशी नळीतून तळाच्या फुगीर भागात उतरते, पण केसांच्या रोखामुळे तिला परत वर येता येत नाही. ती तिथे घोटाळत राहते, परागांचे जुळे पुंज तिच्या तोंडाच्या अवयवांना चिकटतात, आणि काही काळाने केस कोमेजून फूल कलले की तिची सुटका होते. ही माशी दुसऱ्या फुलात शिरली आणि ते पुंज तिथे नेमक्या खाचेत बसले, तर शेंगांची जोडी धरते. आता विचार करा की त्या उतारावर चौदाच झाडे उरली आहेत, त्यातली पाचच यंदा फुलली आहेत आणि ती पाचही एकाच जुन्या झाडाची लेकरे आहेत. माशी आपले काम बिनचूक करील, पण ती ज्या परागांची ने-आण करील ते सख्ख्या भावंडांचे असतील. पिढ्यान्पिढ्या असे झाले की अंतःप्रजननाचे दोष दिसू लागतात: बी कमी धरते, धरलेले रुजत नाही, रुजलेले तग धरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला उतारावर झाडे दिसतात आणि सारे ठीक वाटते. ती झाडे एकमेकांची कोण लागतात हे फक्त त्यांची जनुके सांगू शकतात, आणि ते सांगण्यासाठी प्रत्येक झाडाच्या पानाचा नखाएवढा तुकडा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीत घालून प्रयोगशाळेत आणण्याखेरीज दुसरा उपाय नाही.

जपणुकीच्या उत्साहात आपल्याकडे एक चूक फार होते. एखादे दुर्मीळ झाड सापडले की त्याची फांदी आणून लावतात, ती लागते, तिच्यापासून शंभर कुंड्या तयार होतात किंवा ऊतीसंवर्धनाने हजार बाटल्या भरतात, आणि झाड वाचवल्याची बातमी छापून येते. वास्तविक त्या हजार बाटल्यांत झाड एकच असते. दक्षिण आफ्रिकेतल्या एन्सेफालार्टोस वुडी या सायकसच्या जवळच्या वृक्षाची कथा तुम्हाला ठाऊक असेल. १८९५ मध्ये त्याचा एकच नर गठ्ठा न्गोये जंगलात सापडला, मादी आजवर कुणाला सापडली नाही, आणि जगभरच्या उद्यानांत त्याची जी झाडे डौलाने उभी आहेत, ती सारी त्या एकाच नराचे फुटवे आहेत. त्यांना बी कधीच धरणार नाही. आपल्या शिंदळ माकुडीच्या बाबतीत हा विचार मला वारंवार अस्वस्थ करतो. फक्त महाराष्ट्रात, जुन्नर, पुरंदर, सातारा अशा भागांतल्या कड्यांवर उगवणारी ही मांसल वनस्पती फांदीपासून सहज लागते, त्यामुळे हौशी लोकांच्या गच्चीत तिच्या कुंड्या दिसतात. परंतु त्या सगळ्या मिळून मूळची किती वेगळी झाडे आहेत, हे कुंडीवर लिहिलेले नसते.

मग बी गोळा करायचे तर किती झाडांचे? याचे एक साधे गणित आहे, जे मी दर वर्षी फळ्यावर मांडत असे. एखाद्या जनुकाचे एक रूप त्या समूहात शेकडा ५ इतक्या प्रमाणात आहे असे धरा. न निवडता त्या जनुकाच्या ५९ प्रती उचलल्या, तर त्यात ते रूप निदान एकदा तरी सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर जाते. प्रत्येक झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणजे परपरागणाने वाढणाऱ्या प्रजातीची एकमेकांपासून अंतर राखून निवडलेली तीस झाडे झाली. एकाच भरघोस झाडाच्या तीस शेंगा आणल्या, तर हे गणित कोसळते, कारण त्या साऱ्या शेंगांची आई एकच असते. समूह दीर्घकाळ टिकायला किती मोठा असावा, याविषयी १९८० मध्ये जनुकशास्त्रज्ञ फ्रँकलिन यांनी मांडलेले ५० आणि ५०० हे आकडे तुम्ही अभ्यासले असतील: पहिला अंतःप्रजननाचा तातडीचा धोका टाळण्यासाठी, दुसरा बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता राखण्यासाठी. आज अनेकांना हे आकडेही अपुरे वाटतात. आपल्या कड्यांवर पन्नासाची मजल गाठणारे समूहही दर वेळी सापडत नाहीत.

याहून अवघड प्रश्न पुढे येतो, आणि माझ्या मते तुमच्या पिढीचे खरे काम तिथे आहे. एका डोंगरावर बारा झाडे आहेत, दुसऱ्यावर नऊ. दोन्हीकडचे पराग एकत्र आणावेत की नाही? आणले तर अंतःप्रजनन थांबेल, पण हजारो वर्षे वेगळे राहून प्रत्येक समूहाने आपापल्या कातळाशी, आपापल्या पावसाशी जी जुळणी केली असेल, ती पहिल्या दोन-तीन पिढ्यांत विस्कटण्याचा धोका आहे. समजा एका समूहात गुणसूत्रे २२ आहेत आणि दुसऱ्यात ४४, तर त्यांचा संकर ३३ चा होईल आणि तो बहुतेक वांझ निघेल; म्हणजे वाचवायला गेलेल्याने उरलेसुरले बीही वाया घालवले. याचा निर्णय भावनेवर घेता येत नाही आणि केवळ संगणकावरही घेता येत नाही. मुळाचे टोक सकाळी कापून, स्थिर करून, रंगवून, काचपट्टीवर टिपकागदाखाली अंगठ्याने दाबून गुणसूत्रे मोजावी लागतात. कड्यावर जाऊन हाताने परागण करून शेंगा धरतात का ते पाहावे लागते. त्या शेंगांतले बी पेरून रोपे तीन-चार वर्षे वाढवावी लागतात. एकाच माणसाला ही तिन्ही कामे निदान समजत असतील, तरच निर्णय बरोबर येतो. अशी माणसे आपल्याकडे कमी आहेत. म्हणून तुमच्या पत्राला मी इतके सविस्तर उत्तर देते आहे.

बी साठवण्याच्या बाबतीतही हेच. पुष्कळ प्रजातींचे बी नीट वाळवून उणे १८ अंशांच्या आसपास ठेवले की वर्षानुवर्षे जगते, आणि दिल्लीतल्या राष्ट्रीय जनुकपेढीत ते तसेच ठेवले जाते. पण रानजायफळाचे बी वाळवले की मरते. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात रानजायफळाची जी दलदल आहे, ती शीतगृहात नेऊन ठेवता येणारी गोष्ट नाही. ती जागच्या जागीच राखावी लागेल. कोणते झाड पेढीत वाचेल आणि कोणते फक्त डोंगरातच, हे ठरवण्यासाठी आधी त्याच्या बीजावर प्रयोग झालेले असावे लागतात.

आता माझ्या एका चुकीविषयी सांगते, कारण ती तुमच्या निर्णयाशी थेट जोडलेली आहे. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी मुसळीच्या गोत्रातल्या एका प्रजातीच्या चार समूहांतून पाने गोळा केली होती. पाऊस लांबल्याने मी उशिरा पोहोचले, फुले संपून गेली होती, पण पाने ओळखीची होती आणि मला घाई होती. प्रयोगशाळेत चार समूहांतले अंतर इतके मोठे निघाले की मी हर्षभरित झाले. माझ्या मार्गदर्शकांनी तो आलेख पाहून एवढेच विचारले, ‘याची हर्बेरियम शीट कुठे आहे?’ शीट नव्हती. पुढच्या पावसाळ्यात फुले असताना परत गेले, तेव्हा चारांपैकी दोन ठिकाणची झाडे वेगळ्याच प्रजातीची निघाली. दीड वर्ष वाया गेले आणि दोष यंत्रांचा नव्हता. ज्या झाडाचा नमुना फुलांसह दाबून, वाळवून, स्थळ-काळाच्या नोंदीसह संग्रहालयात ठेवलेला नाही, त्याच्या जनुकांवर केलेले काम कुणालाही तपासून पाहता येत नाही. आज जनुकक्रम वाचणे झपाट्याने स्वस्त झाले आहे. झाड ओळखणारा डोळा तयार व्हायला मात्र तेव्हाइतकेच पावसाळे लागतात.

म्हणून माझा सल्ला असा आहे. यंदाचा पावसाळा सरांच्या प्रकल्पावर काढा आणि त्याच वेळी सीएसआयआर-यूजीसीच्या नेट परीक्षेची तयारी करा. यामागे एक व्यवहार आहे, जो विद्यार्थ्यांना फार उशिरा कळतो. तुम्ही दुसऱ्याच्या प्रकल्पाच्या पैशांवर पीएच.डी. केलीत, तर विषय त्या प्रकल्पाचा असतो. तुमच्याकडे स्वतःची शिष्यवृत्ती असेल, तर विषय बऱ्याच अंशी तुमचा असतो आणि मार्गदर्शकही तुम्ही निवडू शकता. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची, रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे अशी आहे. दोन वर्षांनी ती वाढते. पाच वर्षे सन्मानाने काम करता येईल इतके ते नक्कीच आहे आणि वडिलांना दाखवण्यासारखेही आहे. तुम्ही पात्र असाल त्याप्रमाणे सारथी, बार्टी किंवा महाज्योती यांच्या पीएच.डी. शिष्यवृत्त्याही पाहून ठेवा. नेटच्या दोन प्रयत्नांत यश आले नाही आणि हरभऱ्याची जागा तेव्हाही मिळत असेल, तर ती आनंदाने घ्या, पराभव समजून घेऊ नका. लागवडीखालचा हरभरा जनुकीयदृष्ट्या फार अरुंद पायावर उभा आहे, आणि त्याचा रानटी पूर्वज आग्नेय तुर्कस्तानातल्या थोड्याशा डोंगराळ पट्ट्यातच उगवतो. म्हणजे तिथेही तुमची गाठ एका मर्यादित क्षेत्रातल्या रानवनस्पतीशीच पडणार आहे. तिथे शिकलेले डीएनए काढण्याचे, आकडेवारी तपासण्याचे तंत्र कंदीलपुष्पाला जसेच्या तसे लागू पडेल. जागा स्वीकारताना मात्र एक अट आधीच बोलून घ्या, की दर पावसाळ्यात तुम्हाला तीन आठवडे क्षेत्रकामासाठी मोकळीक मिळावी. चांगला मार्गदर्शक ही अट समजून घेतो.

कामाच्या जागांविषयी मी तुम्हाला गोड चित्र दाखवणार नाही. पीएच.डी. झाल्यावरही अनेकांना महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे काढावी लागतात, प्रकल्पांच्या नेमणुका कंत्राटी असतात आणि प्रकल्प संपला की पगार थांबतो. माझ्या अत्यंत हुशार विद्यार्थ्यांपैकी काहींनी याच कारणाने हे क्षेत्र सोडले, आणि मी त्यांना दोष देत नाही. तरीही दरवाजे दिसतात त्यापेक्षा जास्त आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे आणि तिथली वनस्पतिशास्त्रज्ञांची पदे संघ लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. कृषी संशोधन सेवेच्या परीक्षेतून राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरोसारख्या संस्थांत जाता येते. त्या ब्यूरोचे एक केंद्र अकोल्याला आहे. पुण्याची आघारकर संशोधन संस्था, लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था, केरळात पालोडे येथील उष्णकटिबंधीय उद्यान, आणि तुमच्या घरापासून सर्वांत जवळ असलेला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, जिथे कंदीलपुष्पांचे जिवंत संकलन वर्षानुवर्षे जोपासले गेले आहे, या जागा तुम्ही स्वतः जाऊन पाहिल्या पाहिजेत. जालन्याच्या बियाणे कंपन्यांत जनुकशास्त्र जाणणाऱ्यांना काम मिळते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आणि एमपीएससी? वडिलांचे म्हणणे मोडीत काढण्याऐवजी ते थोडे वळवून घ्या. महाराष्ट्र वनसेवा परीक्षेला वनस्पतिशास्त्राचे पदवीधर बसू शकतात. ज्या वनाधिकाऱ्याला आपल्या हद्दीतल्या कड्यावर काय उगवते हे माहीत असते, तो जाळपट्टा कुठून काढायचा, वृक्षारोपणाचे खड्डे कुठे खणायचे नाहीत, हे एका कागदावर ठरवू शकतो, आणि कधीकधी तेवढ्याने एक अख्खा समूह वाचतो. गवताळ उतार म्हणजे पडीक जमीन समजून त्यावर झाडे लावली गेली की कंदीलपुष्पाला लागणारे ऊनच नाहीसे होते. असे होताना मी पाहिले आहे. ही वाट तुम्हाला आवडेल असे मी म्हणत नाही, पण तिला संवर्धनाच्या विरुद्ध समजू नका.

क्षेत्रकामाला सुरुवात करण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी घ्या, संरक्षित क्षेत्रात तर तिच्याशिवाय पानही तोडू नका, आणि कोणताही नमुना परदेशी सहकाऱ्याला पाठवण्याचा प्रसंग आला, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा. कड्यावर कधीही एकटीने जाऊ नका. गावातल्या एखाद्या गुराखी मावशींना किंवा काकांना रोजगार देऊन सोबत घ्या. त्यांना फुलण्याचे दिवस आणि जागा आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात, आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचे नाव पहिल्या पानावर यायला हवे.

जागा जाहीर करण्याबाबतही सावध राहा. एका निबंधात मी एका दुर्मीळ झाडाचे ठिकाण पायवाटेच्या वळणासह छापले होते. दोन वर्षांनी गेले तेव्हा तिथे खड्डे होते. साळिंदराने उकरलेले आणि खुरप्याने खणलेले यांतला फरक लगेच कळतो. कोणी खणले ते समजले नाही, पण वाट मी दाखवली होती. तालुक्याचे नाव छापा, नेमके अक्षांश-रेखांश संग्रहालयाच्या नोंदीत ठेवा, आणि सहलीतले फोटो समाजमाध्यमांवर टाकताना मोबाइलची स्थळनोंद बंद करा. ज्या कड्यावर तुम्ही ते फूल पाहिले, त्याचे नाव तुम्ही पत्रात लिहिले होते. ते मी इथे मुद्दाम गाळले आहे.

आता श्रावण तोंडावर आहे. सरांबरोबर त्या उतारावर जाल तेव्हा पहिल्याच दिवशी पाने तोडू नका. प्रत्येक झाडाशेजारी क्रमांकाची छोटी पट्टी रोवा, मग दर आठवड्याला कोणते फुलले आणि कोणत्याला शेंगा धरल्या ते वहीत लिहा, आणि ऑक्टोबरात शेंगा तडकून बी वाऱ्यावर उडण्याआधी काहींना मलमलीची छोटी पिशवी बांधून बी मोजा. दिवाळीनंतर मला तीनच आकडे कळवा: झाडे किती होती, फुललेली किती, आणि शेंगा किती जणांना धरल्या. तेवढ्यावरून प्रबंधाचा विषय काय असावा, याविषयी आपल्याला नेमके बोलता येईल.